पोर्टफोलिओचे पहिले पान कोणाचे : रुग्णालयाच्या चित्राचे की मावशीच्या गॅलरीतल्या बांबूच्या जाळीचे?

कडीपाट

नमस्कार. मी नागपुरातील एका आर्किटेक्चर महाविद्यालयात चौथ्या वर्षाला शिकते. पुढच्या सत्रात प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी एखाद्या कार्यालयात रुजू व्हायचे आहे आणि त्यासाठी पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचा संग्रह, तयार करते आहे. वीस पाने भरतील एवढे काम माझ्याजवळ आहे. पहिले पान कोणत्या कामाला द्यावे, हे मात्र मला ठरवता येत नाही.

माझे काम तीन प्रकारचे आहे. पहिले म्हणजे या वर्षीच्या स्टुडिओतले दोनशे खाटांचे रुग्णालय. त्याची संगणकावर केलेली चित्रे चांगली झाली आहेत आणि वर्गमित्रांच्या मते तेच पुढे ठेवायला हवे. दुसरे म्हणजे शहराच्या महाल भागातील एका जुन्या वाड्याची मोजणी करून काढलेली रेखाटने. हे काम आम्ही चौघांनी दुसऱ्या वर्षी केले. चौक, ओसरी, माजघर आणि वरचा माळा आम्ही फितीने मोजला. चौक चौरस असेल असे धरून पहिल्या दिवशी फक्त बाजू मोजल्या होत्या, आणि घरी येऊन रेखाटायला बसल्यावर आकृती मिटेचना. दुसऱ्या दिवशी जाऊन कर्ण मोजले, तेव्हा दोन्हींत १४ सेंटीमीटरांचा फरक निघाला. कडीपाटाचा (लाकडी कड्या आणि फळ्यांच्या छताचा) छेद आणि जिन्याची रेखाटने माझी आहेत, बाकीची मित्रांची.

तिसरे काम अगदी लहान आहे. मानेवाड्याला माझी मावशी राहते. तिच्या घराची गॅलरी पश्चिमेला आहे, ३.६ मीटर लांबीची, आणि कूलर तिथेच ठेवलेला असतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर त्या बाजूच्या खोलीत बसणे अशक्य होत असे. ताडपत्री लावली की ऊन अडायचे, पण कूलरला बाहेरची कोरडी हवा मिळेनाशी व्हायची आणि तो दमट वाराच फेकत राहायचा. मी दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत सूर्याचे कोन काढले. मेच्या मध्यावर सायंकाळी पाच वाजता सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून सुमारे २२ अंशांवर असतो, त्यामुळे ६० सेंटीमीटरचा छज्जा पश्चिमेच्या भिंतीवर जेमतेम २५ सेंटीमीटर सावली देतो. मग बांबूच्या ४ सेंटीमीटर रुंद कामट्या ४५ अंशांत, बाहेरची कड खाली झुकवून, ३.८ सेंटीमीटर अंतराने बसवलेली जाळी काढली. २० अंशांच्या वरचे ऊन तिच्यात अडते आणि हवा मात्र येत राहते. सव्वापाचनंतर थोडे ऊन आत येते, ते मावशीने चालवून घेतले. बुरडकाम करणाऱ्या एका कारागिरांसोबत बसून मी ती चार दिवसांत तयार केली.

हे काम मी तिसऱ्या वर्षी एका ज्युरीत दाखवले, तेव्हा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी म्हटले की हे सुतारकाम आहे, यात डिझाइन कुठे आहे. तेव्हापासून मी ते कोणालाही दाखवलेले नाही. तरीही माझ्या सगळ्या कामांत कोणतेही माप का घेतले हे मला न अडखळता सांगता येते असे हेच एक काम आहे. ते पोर्टफोलिओत घ्यावे का, आणि घेतले तर कुठे? रुग्णालयाच्या चित्रांवर अजून महिनाभर मेहनत घ्यावी, की तो वेळ दुसरीकडे लावावा? आणि कोणती सॉफ्टवेअर यायला हवीत? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

धंतोलीचे कार्यालय

मी बावीस वर्षांपासून नागपुरात व्यवसाय करतो आणि दरवर्षी दोन-तीन प्रशिक्षणार्थी घेतो, त्यामुळे पोर्टफोलिओ उघडल्यावर माझी नजर कुठे जाते तेवढे सांगतो. वयाने मोठा असल्याने तुला ‘तू’ म्हणतो, राग मानू नकोस.

मी आधी प्लॅन पाहतो आणि लगेच सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसणारा छेद, शोधतो. रंगवलेले चित्र शेवटी पाहतो, कारण आजकाल ते सगळ्यांचेच चांगले असते. झाडे, माणसे आणि मावळतीचा प्रकाश सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतो. सेक्शन मात्र कोणी तयार देत नाही. त्यात बीम कुठून जातो, जिन्याखाली डोके लागते का, स्वच्छतागृहाची स्लॅब किती खाली घेतली आणि पावसाचे पाणी गच्चीवरून कोणत्या बाजूला उतरते, हे सगळे विद्यार्थ्याला स्वतःलाच ठरवावे लागते, आणि ठरवले नसेल तर ती रेषा मुकी राहते. दोनशे खाटांच्या रुग्णालयात असे शेकडो निर्णय असतात आणि एका सत्रात एका विद्यार्थ्याला ते सगळे घेणे शक्य नाही. हा तुझा दोष नाही. पण मुलाखतीत मी त्यातल्या एखाद्या दारावर बोट ठेवून विचारले की स्ट्रेचर इथून वळेल का, तर तुझ्याजवळ उत्तर असायला हवे.

जाळीच्या बाबतीत तू स्वतःच लिहिले आहेस की कोणतेही माप विचारले तरी उत्तर देता येईल. मग पहिले पान त्याच कामाला दे. तुझ्या परीक्षकांशी मी सहमत नाही. ऊन अडवायचे आणि हवा अडवायची नाही, या दोन परस्परविरोधी मागण्या तू एका कोनात आणि एका अंतरात बसवल्या आहेत. डिझाइन म्हणतात ते हेच. नागपुरात घर बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला कूलर लावायचा असतो, तरीही माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी नऊ विद्यार्थ्यांच्या प्लॅनमध्ये कूलरला जागा नसते, आणि खोलीतली दमट हवा समोरच्या बाजूने बाहेर जाईल अशी खिडकीही नसते. मग घर झाल्यावर खिडकीबाहेर लोखंडी स्टँड ठोकला जातो आणि त्याचे पाणी खालच्या मजल्याच्या भिंतीवर ओघळते. तू कूलरपासून सुरुवात केलीस हे मला मनापासून आवडले.

एक दुरुस्ती सुचवतो. सूर्याचा एकच कोन देऊ नकोस, वर्षाचे चित्र दे. आपण साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो माध्यान्हीला किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात आपल्या दक्षिणेच्या भिंतीला लहानसा छज्जा पुरतो आणि खरा ताप गच्ची व पश्चिमेची भिंत देतात. डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४५ अंशांवर उतरतो आणि त्याचे ऊन हवेसे असते. हे एका लहान आकृतीत आले की तुझी जाळी पश्चिमेलाच का, ते वाचणाऱ्याला आपोआप कळेल.

रुग्णालय काढून टाकू नकोस, पण चार पानांत आटोपते घे. तो महिना चित्रांवर घालवण्याऐवजी त्यातला एकच वॉर्ड निवड आणि त्याचा १:२० प्रमाणाचा सेक्शन काढ.

ओळंबा

ताई, मी आर्किटेक्ट नाही. मी साइट सुपरवायझर आहे आणि माझे वडील सुतार होते, म्हणून त्या परीक्षकांच्या वाक्याबद्दल लिहावेसे वाटले. सुतारकाम म्हटल्याने तुमचे काम लहान होत नाही. महालातल्या ज्या वाड्याचा कडीपाट तुम्ही रेखाटला, त्यातली तुळई खांबावर कशी बसवायची आणि सागवानाचा कोणता भाग उन्हाकडे ठेवायचा, हे सुतारानेच ठरवले असेल.

मला विचारायचे आहे ते वेगळेच. बांबू कोणत्या महिन्यात तोडलेला होता, आणि त्यावर प्रक्रिया केली होती का? पावसाळा संपून थंडी लागल्यावर तोडलेल्या बांबूत पिठूळ अंश कमी असतो, म्हणून त्याला भुंगा कमी लागतो. उन्हाळ्यात घाईने आणलेल्या बांबूतून वर्षा-दोन वर्षांत पिवळसर पूड गळू लागते. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात कामट्या काही दिवस बुडवून, सावलीत वाळवून मग बसवल्या तर बऱ्याच टिकतात. तुमची जाळी दोन वर्षांची झाली आहे. ती आज कशी आहे, हे एकदा जाऊन पाहा, असे मी सुचवेन. आमच्याकडे साइटवर काम तपासायचे तर पावसाळा काढल्यावरच तपासतात.

शिकवणारी

मी आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना शिकवते. धंतोलीच्या सरांनी सेक्शनबद्दल लिहिले त्याला एक जवळचे उदाहरण जोडते, कारण सेक्शन म्हणजे बांधकामाचे तांत्रिक कागद असा समज तिसऱ्या वर्षापर्यंत टिकलेला मी पाहते. दीक्षाभूमीचा स्तूप सगळ्यांनी पाहिलेला असतो. शिवदान मल यांनी त्याची रचना केली आणि १८ डिसेंबर २००१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. बाहेरून पाहताना सांचीची आठवण होते. पण सांचीचा मोठा स्तूप भरीव आहे, त्याच्या आत जाता येत नाही, लोक त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतात. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे आणि हजारो माणसे त्या घुमटाखाली येऊन उभी राहतात. दोन्हींची बाह्यरेषा शेजारी शेजारी काढली तर साम्यच दिसते, सेक्शन काढला की दोन वेगळ्या वास्तू दिसतात. ज्या जागी लाखो लोकांनी एकत्र येऊन दीक्षा घेतली, तिथल्या स्तूपाने माणसांना आत घ्यावे, हा निर्णय सेक्शनमध्येच वाचता येतो. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना तिथे नेते आणि सोबत फक्त पेन्सिल ठेवू देते.

आता तुझ्या वाड्याबद्दल. कर्णांतला १४ सेंटीमीटरांचा फरक तू अडचण म्हणून सांगितलास, मला तो त्या कामातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. फसलेली पहिली आकृती तुझ्याजवळ असेल तर ती जशीच्या तशी दे आणि शेजारी दुरुस्त झालेली दे. मोजणी करताना वास्तूने आपल्याला खोटे पाडले आणि आपण ते मान्य केले, हे पाहणाऱ्याला त्या दोन आकृत्यांतून कळते. चौघांच्या कामात तुझी रेखाटने कोणती हे तू इथे सांगितलेस, तसेच पानावरही लिही. समूहाचे काम स्वतःच्या एकट्याच्या नावाने दाखवलेले मी पाहिले आहे आणि दुसऱ्याच मुलाखतीत ते उघडे पडते.

जाळीने खोली किती थंड झाली, याची नोंद तू ठेवली होतीस का? ठेवली असेल तर आकडे सांग. नसेल तर ‘खोली थंड झाली’ असे विधान पानावर करू नकोस, सावली किती पडते एवढेच सांग, कारण तेवढे तू गणिताने सिद्ध केले आहेस.

सॉफ्टवेअरच्या प्रश्नाला थोडक्यात उत्तर देते. ऑटोकॅड आणि स्केचअप नीट यायलाच हवे, रेव्हिटची तोंडओळख असावी, बाकी कार्यालयात शिकता येते. हाताने काढलेली दोन-चार पाने अवश्य ठेव. ती सुंदर असायला हवीत असे नाही, पण त्यांवर खोडलेल्या रेषा दिसू देत.

सुट्टीच्या दिवशी सेवाग्रामला जाऊन ये, नागपूरहून पाऊण-एकशे किलोमीटरवर आहे. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. तिथली त्यांची बापू कुटी मुळात त्यांच्या शिष्या मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधली होती. माती, बांबू आणि कौले एवढ्याच साहित्यात उतरत्या छपराने भिंतीवरचे ऊन कसे अडवले आहे, ते तुझ्या जाळीच्या दृष्टीने पाहा. माझ्या मते त्या एका दिवसात रुग्णालयाच्या महिनाभराच्या चित्रांपेक्षा तुला जास्त मिळेल.

कडीपाट

सर, काका, मॅडम, आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात, याबद्दल मनापासून आभार.

काल मावशीकडे जाऊन आले. काकांची शंका खरी निघाली. बांबू एप्रिलमध्येच आणलेला होता आणि त्यावर कोणतीही प्रक्रिया केली नव्हती. एकूण ५४ कामट्यांपैकी ११ कामट्यांखाली पिवळी पूड पडलेली दिसली आणि त्यांतल्या तीन बोटाने दाबल्यावर मोडल्या. खालच्या बाजूच्या कामट्यांचे नुकसान जास्त आहे, तिथे कूलर भरताना पाणी उडते. मावशी म्हणाली की तिने गेल्या दिवाळीतच पूड पाहिली होती, पण मला वाईट वाटेल म्हणून सांगितले नाही.

मॅडम, तापमानाची नोंद मी ठेवली होती, पण चुकीची ठेवली. जाळी लावण्याआधीचे पाच दिवस आणि नंतरचे पाच दिवस मी खोलीतले तापमान सायंकाळी पाचला लिहिले. बाहेरचे तापमान लिहिलेच नाही, त्यामुळे फरक जाळीने पडला की हवामानाने, हे सांगता येत नाही. ते आकडे मी वगळते आहे.

आता प्रश्न असा आहे की मोडलेल्या कामट्यांची छायाचित्रे पोर्टफोलिओत द्यावीत का? पहिल्याच पानावरचे काम दोन वर्षांत किडले, हे प्रशिक्षण मागायला गेलेल्या विद्यार्थिनीने दाखवणे योग्य ठरेल का, याची मला धास्ती वाटते.

धंतोलीचे कार्यालय

दाखव. पहिल्या पानावर जाळी आणि तिचा सेक्शन, दुसऱ्यावर वर्षभराच्या सूर्याची आकृती, आणि तिसऱ्या पानावर जाळीचे पूर्ण एलिव्हेशन (समोरून दिसणारे रेखाटन) काढून त्यात किडलेल्या ११ कामट्या काळ्या भरून दाखव. त्या खालच्या भागात एकवटलेल्या दिसल्या की पाण्याचा संबंध शब्दांशिवाय कळेल. त्याच पानावर नवी दुरुस्ती काढ. माझ्या मते खालचा ४० सेंटीमीटरांचा भाग वेगळ्या चौकटीत घ्यावा, म्हणजे तेवढाच काढून बदलता येईल. पण ते तू आणि ओळंबा यांनी मिळून ठरवा, साहित्याचे त्यांना माझ्याहून जास्त कळते.

माझ्या कार्यालयातही गळलेल्या गच्च्या आणि फुगलेली दारे झाली आहेत. काळ्या मातीवर पाया पुरेसा खोल न घेतल्याने एका कुंपणाच्या भिंतीला दुसऱ्याच पावसाळ्यात तडे गेले, तेव्हा मी व्यवसायात येऊन पाच वर्षे झाली होती. नवीन मुलांना मी त्या तड्याचे छायाचित्र पहिल्याच दिवशी दाखवतो.

ओळंबा

ताई, नवा बांबू आत्ता घेऊ नका. डिसेंबरमध्ये तोडलेला मिळेल तोवर थांबा. बोरॅक्सच्या पाण्यासाठी मोठी टाकी लागत नाही, पीव्हीसीचा ६ इंची पाइप एका टोकाला बंद करून उभा केला की कामट्या त्यात बुडतात. वाळवताना मात्र सावलीतच वाळवा, उन्हात त्या चिरतात. कूलर भरण्याची नळी जाळीच्या बाजूने न आणता भिंतीच्या बाजूने आणता आली तर तेही पाहा.

कडीपाट

नळीची जागा आजच मोजून आले, भिंतीच्या बाजूने आणायला १.२ मीटर जास्त पाइप लागेल. मावशीला विचारले, ती हो म्हणाली. तिसरे पान काढायला घेतले आहे.