घरापासून ७० मीटरवरच्या खोल्यांत नेट न्यायचंय: वायर, मेश की फायबर?

कुळागर_फोंडा: नमस्कार मंडळी. राउटर घरात आहे. कुळागराच्या पलीकडे पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत, अंतर ७० मीटर, मधे पोफळी, माड आणि मिरवेली. भिंती चिऱ्याच्या. पाहुण्यांना वायफाय आणि दोन कॅमेरे चालायला हवेत. बजेट ६,००० रुपये.

म्हापसेकर: मेशच घ्या, म्हणजे एकमेकांशी वायरलेसने जोडलेले वायफायचे नग, तीन नगांचा संच, तोही ट्राय-बँड (नगांच्या आपसातल्या बोलण्याला वेगळा रेडिओ). ड्युअल-बँडमध्ये एकच रेडिओ मोबाइलशीही बोलतो आणि मागच्या नगाशीही, त्यामुळे टप्प्यागणिक वेग साधारण निम्म्यावर येतो. आमच्याकडे ट्राय-बँड आहे, फाटकापर्यंत रेंज. थोडे पैसे जास्त जातील, पण घ्याच.

चिरेबंदी: बजेट वाचा हो. शिवाय कुळागरातून मेश नको, पावसात ओली पानं ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल खातात. सरळ कॅट-६ (नेटची तांब्याची केबल) ओढा, मर्यादा १०० मीटरची आहे. काळ्या आवरणाची, जेल भरलेली आउटडोअर केबल मीटरवर मिळते, ३०५ मीटरचा अख्खा बॉक्स नको. सीसीए घेऊ नका, ते ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतं. त्यातून पीओई, म्हणजे नेटच्याच केबलमधून वीज, दिली तर दिवसभर कॅमेरा चालतो, रात्री आयआर (अंधारात बघण्याचे) दिवे लागले की व्होल्टेज पडतं आणि तो रीस्टार्ट होत राहतो. दुकानातच तार ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं तर घेऊ नका.

साखळीकर: दोन इमारतींमध्ये तांबं नकोच. वीज जवळ पडली की दोन्हीकडच्या अर्थिंगच्या व्होल्टेजमध्ये फरक पडतो आणि तो केबलमधून पोर्ट जाळत जातो. फायबर (प्रकाशावर चालणारी काचेची केबल) घाला. सिंगल-मोड ड्रॉप केबल, दोन्ही टोकांना कनेक्टर बसवलेली मागा, म्हणजे स्प्लायसिंग (काच वितळवून जोडणं) नको. आधाराची तार स्टीलची नको, एफआरपीची (फायबरग्लासची) घ्या, नाहीतर विजेला पुन्हा वाट मिळते. मीडिया कन्व्हर्टर (फायबरला नेटच्या साध्या केबलशी जोडणारी डबी) जोडीने: एका टोकाला ए, दुसऱ्याला बी. ए १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर पाठवतो, बी १५५० वर, दोन्ही ए लावले तर लिंकचा दिवा लागतच नाही. कनेक्टर दोन्हीकडे निळेच. हिरवा तिरका घासलेला असतो, निळ्यात घातला तर सिग्नल गळतो. केबल एचडीपीई (टणक प्लास्टिकच्या) पाइपातून न्या, नाहीतर पाट साफ करताना कुदळ बसेल.

रानमाणूस: दोन इमारती जोडल्या म्हणजे हे मॅन (मेट्रोपॉलिटन एरिया नेटवर्क) झालं ना? त्याला लायसन्स लागतं का?

साखळीकर: नाही. मॅन शहरभर पसरतं. एकाच मालकाच्या आवारातलं, स्वतःच्या तारेचं जाळं म्हणजे लॅनच (लोकल एरिया नेटवर्क), लायसन्स लागत नाही. राउटरच्या पलीकडे ऑपरेटरचं सुरू होतं ते वॅन (वाइड एरिया नेटवर्क).

वास्को_वायरलेस: एवढी खणाखण कशाला? ५ गिगाहर्ट्झचे दोन आउटडोअर सीपीई (अँटेनावाले वायरलेस डबे) समोरासमोर लावा, पॉइंट-टू-पॉइंट. काम एका दुपारचं.

चिरेबंदी: समोरासमोर दिसायला हवं ना! ७० मीटरला मधोमध जवळजवळ एक मीटर त्रिज्येची जागा मोकळी लागते. पोफळी वाऱ्याने हलतात.

पेडणेकर: मेश घ्या, सेटिंगची कटकट नाही.

डीएचसीपी_बाबा: काहीही घ्या, पण खोल्यांतल्या राउटरची लाइन लॅन पोर्टमध्ये घाला, वॅनमध्ये नको. त्याआधी त्याचा डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, पत्ता १९२.१६८.१.२ द्या. दोन डीएचसीपी झाले की निम्मे फोन नेटविना राहतात. आणि गेस्ट वायफाय तपासा, स्वस्त राउटरमध्ये एपी मोडला (राउटर नुसतं वायफाय पसरवतो तेव्हा) गेस्टलाही घरचा प्रिंटर दिसतो.

कुळागर_फोंडा: सगळ्यांचे आभार. खोल्यांच्या मागच्या रस्त्यावर ऑपरेटरचा खांब आहे. तिथूनच दुसरं कनेक्शन घेतोय. खणणं नाही, पाहुण्यांचं आणि घरचं नेटवर्क मुळातच वेगळं.

म्हापसेकर: दर महिन्याला दुसरं बिल भराल! दोन वर्षांत मेश सुटला असता.

साखळीकर: मग कॅमेरे घरच्या एनव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) येणार नाहीत. सीजीनॅट (अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता) असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगही, म्हणजे बाहेरून थेट आतल्या कॅमेऱ्यापर्यंत येणं, चालत नाही.

कुळागर_फोंडा: कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड घालतो, मोबाइलवर ॲप पुरे. खोल्या बंद असतील तेव्हा प्लॅन थांबवता येतो का, तेवढं ऑपरेटरला विचारतो. वीज गेली तर राउटरला कुठला यूपीएस?

डीएचसीपी_बाबा: १२ व्होल्टचा मिनी यूपीएस. आधी ॲडॉप्टरवरचे अँपिअर वाचा, यूपीएस तेवढे किंवा जास्त देणारा हवा. ओएनटी (ऑपरेटरचं फायबर जिथे जोडलं जातं तो डबा) वेगळा असेल तर दोन आउटपुटवाला घ्या.