मदत हवी आहे: ऐन की अंजनी? परागकण ओळखायचा कसा?

मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी महाबळेश्वर भागातल्या पाणथळ गाळातले जुने परागकण बघतोय. गाळातली वाळू-माती विरघळवायला हायड्रोफ्लोरिक ॲसिड, मग कण स्वच्छ करायला ॲसिटॉलिसिस (ॲसिडची प्रक्रिया), सगळं नीट पार पडलं, कणही छान टिकलेत. गवताचे तर ढीगभर.

अडलंय एकाच ठिकाणी. कणाला सहा खाचा, पण छिद्र एकाआड एक अशा तिनांतच. असा कण ऐन-किंजळ या झाडांचाही असतो आणि अंजनीच्या झाडाचाही! बरेच जण दोघांना एकाच खात्यात टाकून मोकळे होतात. पण ऐन पानझडी, म्हणजे कमी पावसाची खूण; अंजनी सदाहरित, म्हणजे जास्त पावसाची. इथे गफलत झाली तर जुन्या पावसाचा अंदाजच उलटा.

सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पटीत फरक कळत नाही. कणाच्या बाह्यावरणाच्या नक्षीवरून कुणी वेगळे केलेत का? पुद्दुचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमधल्या परागकणांच्या संदर्भ स्लाइड्स (ओळख पटलेले नमुने) विद्यार्थ्यांना बघायला मिळतात का? अर्ज कुणाकडे करायचा?