मदत हवी आहे: जोर्नाडावर एकही साइट उघडत नाही

कळफलक: जोर्नाडा ७२० ला (एचपीचा जुना, हातात मावणारा संगणक) वायफाय कार्डाने नेट जोडलंय. कुठलीही साइट टाकली की एररच येते. रीसेट करून झालं. कार्ड बदलू का? जरा लवकर सांगा.

टाचणी: जोडलंय म्हणजे नुसता कार्डाचा दिवा लागलाय की आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळालाय? कार्ड कुठलं? राउटरवर सुरक्षा कोणती? साइट कुठली?

सुटे_भाग: घाईत कार्ड घेऊ नका. ७२० चा स्लॉट १६ बिटी आहे, ३२ बिटी कार्डबस कार्ड त्यात जाणारच नाही.

कळफलक: ओरिनोको गोल्ड. आयपी १९२.१६८.१.४३. नेटवर्क ओपन, पासवर्ड नाही. विकिपीडियासुद्धा नाही.

टाचणी: मग कार्डाला दोष नाही, अडतंय ते एचटीटीपीएसपाशी, म्हणजे साइटशी होणाऱ्या सुरक्षित जोडणीपाशी. यंत्र २००० सालचं आणि त्या जोडणीला लागणारं टीएलएस १.२ आलं २००८ मध्ये. तुम्ही साधं एचटीटीपी लिहिलंत तरी सर्व्हर ३०१ (पत्ता बदलल्याचा निरोप) देऊन एचटीटीपीएसकडे ढकलतो आणि तिथे पॉकेट आयईचं (जोर्नाडातल्या ब्राउझरचं) जुळत नाही. खात्री हवी तर पीसीवर पायथनचा एचटीटीपी सर्व्हर ८००० पोर्टवर सुरू करून जोर्नाडावरून पीसीचा आयपी, कोलन, ८००० उघडा. फाइलींची यादी दिसली की नेटवर्क ठीक. मग पीसीवर वेबवन टाका (हा प्रॉक्सी, म्हणजे मधला दुवा; एचटीटीपीएस पानं आणून जुन्या ब्राउझरला साध्या एचटीटीपीने देतो), पॉकेट आयईच्या ऑप्शन्समध्ये प्रॉक्सी म्हणून पीसीचा आयपी आणि पोर्ट ८०८० द्या, पीसीच्या फायरवॉलमध्ये तो पोर्ट मोकळा करा. पत्ते https शिवाय, http नेच टाकायचे.

पामवाला: एवढा उपद्व्याप? पाम (तेव्हाचा दुसरा हातातला संगणक) घ्या, पीसीवर प्लकर या प्रोग्रॅमने पानं पीडीबी (पामची फाइल) करून सिंक करा. १६०×१६० वर मजकूर सुरेख दिसतो.

सुटे_भाग: त्यांनी यंत्र कुठलं घेऊ असं विचारलेलं नाही. आणि कळफलक, मुख्य राउटर ओपन ठेवू नका. ओरिनोकोसाठी ८०२.११बी (जुनं वायफाय) चा वेगळा ॲक्सेस पॉइंट लावा. गेस्ट नेटवर्कवर टाकलंत तर क्लायंट आयसोलेशनमुळे (यंत्रं एकमेकांपासून वेगळी ठेवली जातात) प्रॉक्सीचा पीसीच दिसणार नाही.

कळफलक: वेबवन चाललं! विकिपीडिया आला. मराठी पानांवर मात्र नुसते चौकोन.

पामवाला: प्लकर...

टाचणी: प्लकरनेही देवनागरी दिसणार नाही, पामवर फॉण्ट कुठून आणणार? वेबवनऐवजी डब्ल्यूआरपी हा प्रॉक्सी वापरा. तो पीसीवरच्या क्रोममध्ये पान उघडतो आणि त्याचं जीआयएफ चित्र पाठवतो, त्यामुळे जोडाक्षरंही नीट. स्क्रीन ६४०×२४०, स्क्रोलबारची जागा सोडून रुंदी ६१० ठेवा. रंग कमी करा, फाइल लहान होते.

सुटे_भाग: नुसत्या वाचनाला वेबवनच बरं. डब्ल्यूआरपीत दर क्लिकला नवं चित्र, २०६ मेगाहर्ट्झवर जीव जातो.

टाचणी: जावास्क्रिप्टवाली पानं वेबवनने उघडून दाखवा, मग बोलू. दोन्हीत पासवर्ड मात्र टाकू नका; जोर्नाडा ते पीसी सगळं उघडं जातं.

निबपेन: विषय वेगळा, पण बॅटरी पूर्ण उतरू देऊ नका. ७२० चा डेटा रॅममध्ये असतो. आतला बटण सेलही संपलेला असला तर ओरिनोकोचा ड्रायव्हर, प्रॉक्सी, सगळं साफ. ड्रायव्हरची इन्स्टॉल फाइल सीएफ (मेमरी) कार्डावर ठेवा.