बॅसिट्रासिन डिस्क: ग्रुप ए आणि ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस, दोघांनाही झोन येतोय

निळी_ज्योत:
नमस्कार. तालुक्याच्या गावी छोट्या लॅबमध्ये दीड वर्षापासून काम करते, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालंय. परवा सात वर्षांच्या मुलीचा थ्रोट स्वॅब आला. ताप, घसा लालबुंद, टॉन्सिलवर पांढरे ठिपके. मेंढीच्या रक्ताच्या ब्लड अगारवर टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनी आल्या, भोवती स्वच्छ बीटा हिमोलिसिस (रक्तपेशी पूर्ण फुटून झालेलं पारदर्शक वलय). ग्रॅम स्टेनमध्ये साखळीतले कॉक्काय (गोल जंतू), कॅटलेज चाचणी निगेटिव्ह. सबकल्चर करून (कॉलनी वेगळ्या प्लेटवर शुद्ध वाढवून) बॅसिट्रासिन या प्रतिजैविकाची डिस्क ठेवली, सकाळी भोवती मोठा झोन, म्हणजे जंतू न वाढलेली मोकळी जागा. ग्रुप ए लिहिणारच होते, पण राहवलं नाही म्हणून ग्रुप बीची क्यूसी स्ट्रेन (डिस्क नीट चालते का हे पडताळायला ठेवलेला ओळखीचा जंतू) लावून पाहिली. तिलाही झोन! ती तर रेझिस्टंट हवी ना? दोनदा करून पाहिलं, तेच. रिपोर्ट थांबवून ठेवलाय, डॉक्टरांचा फोन येऊन गेला. काय चुकतंय?

जुना_मायक्रोस्कोप:
ताई, आधी डिस्कच्या बाटलीवरचा आकडा वाचा. ओळख पटवायला ०.०४ युनिटची डिस्क लागते. सेन्सिटिव्हिटीच्या डिस्कसोबत मिळते ती १० युनिटची, म्हणजे २५० पट जास्त औषध. एवढ्या माऱ्यापुढे ग्रुप बीसुद्धा डिस्कजवळ वाढत नाही. ०.०४ एवढी कमी ठेवलीय ती त्यासाठीच: पायोजीनिस, म्हणजेच ग्रुप ए, तेवढ्यालाही थांबतो, बाकीचे बहुतेक थांबत नाहीत.

पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्या हातून हेच झालं. दोन्ही बाटल्या फ्रीजमध्ये एकाच डब्यात होत्या. दोन आठवडे सगळे बीटा हिमोलिटिक ग्रुप ए म्हणून गेले. क्यूसी लावली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तुम्ही लावलीत, रिपोर्ट थांबवलात, हे फार योग्य केलंत.

आणखी एक. ०.०४ मध्ये औषध इतकं थोडं असतं की डिस्क ओलसर झाली तर उलटी चूक होते, खरा ग्रुप ए रेझिस्टंट दिसतो. बाटली फ्रीजमधून काढली की लगेच उघडायची नाही, बाहेरच्या तापमानाला येऊ द्यायची. आत सिलिका जेल हवंच.

पेट्री_आणि_पाठ:
वरच्यांशी सहमत. मी बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी शिकवते, दोन गोष्टी जोडते. ०.०४ वर झोन आला तरी ग्रुप सी आणि जीच्या काही स्ट्रेनसुद्धा सेन्सिटिव्ह निघतात. म्हणून त्याच प्लेटवर को-ट्रायमोक्साझोल या दुसऱ्या प्रतिजैविकाची १.२५/२३.७५ मायक्रोग्रॅमची डिस्क थोडं अंतर सोडून ठेवायची. ए आणि बी तिच्या कडेपर्यंत वाढतात, सी आणि जीला झोन येतो. बॅसिट्रासिनला झोन आणि को-ट्रायमोक्साझोलला नाही, ही जोडी दिसली की ग्रुप ए म्हणायला बळ येतं. पीवायआर (ग्रुप ए ओळखायची एन्झाइम चाचणी) करता आली तर शंका फारशी उरत नाही. डिस्क शुद्ध सबकल्चरवरच, थेट स्वॅबच्या प्लेटवर घशातल्या इतर जंतूंच्या गर्दीत काही वाचता येत नाही.

चॉकलेट_अगार:
जरा बाजूचं सांगतो. न्यूमोनियाचा जंतू न्यूमोकोकस ओळखायच्या ऑप्टोचिन डिस्कलाही असाच घोळ होतो. ६ मिमीच्या, ५ मायक्रोग्रॅमच्या डिस्कभोवती १४ मिमी किंवा जास्त झोन आला तर न्यूमोकोकस, पण ते माप ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवलेल्या प्लेटचं. साध्या हवेत झोन मोठा दिसतो. १४ पेक्षा कमी आला तर बाइल सॉल्युबिलिटी (जंतू पित्तक्षारात विरघळतो का ही चाचणी) करा.

जुना_मायक्रोस्कोप:
ताई, एक राहिलं. रिपोर्टमध्ये ‘बॅसिट्रासिन सेन्सिटिव्ह’ असं लिहू नका. डॉक्टर त्याला औषधाचा सल्ला समजतील. ती फक्त ओळखीची खूण आहे. जंतूचं नाव लिहा. ग्रुप ए अजूनही पेनिसिलिनला ऐकतो, ते डॉक्टरांना ठाऊक असतं. घाई करायची ती नावाची, कारण उपचार राहून गेला तर पुढे संधिवाताचा ताप आणि हृदयाच्या झडपांचं दुखणं लागू शकतं.

निळी_ज्योत:
बाटली पाहिली. १० युनिटच होती, लेबलचा तो कोपरा ओलाव्याने पुसट झालेला. जिल्ह्याच्या ठिकाणाहून ०.०४ मागवली. मुलीच्या स्ट्रेनला १५ मिमी झोन, ग्रुप बी थेट डिस्कच्या कडेला टेकलेला. को-ट्रायमोक्साझोलला दोन्हीकडे झोन नाही. रिपोर्ट सकाळी दिला. औषध डॉक्टरांनी लक्षणं पाहून आधीच सुरू केलं होतं, दहा दिवस पूर्ण द्यायला आईला सांगितलंय. १० युनिटची बाटली आता वेगळ्या डब्यात, झाकणावर लाल मार्करने आकडा लिहून ठेवलीय.