प्रति: नस जोडली की मोजा सुटतो?
पायात लिंफ (ऊतींमधला पाणीदार द्रव) साठून येणाऱ्या सुजेबद्दल वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की शस्त्रक्रियेने नस जोडली की दाब देणाऱ्या घट्ट मोज्यातून कायमची सुटका. हे सरसकट खरं नाही. नस जोडणं म्हणजे लिंफ वाहून नेणारी लिंफवाहिनी शिरेला जोडणं; त्याचा खरा फायदा मुख्यतः सूज दाबल्यावर खड्डा पडतो तोवर. इंडोसायनिन ग्रीन हा चमकणारा रंग टोचून कॅमेऱ्यात वाहत्या वाहिन्या दिसायला हव्यात. त्या जेमतेम ०.३ ते ०.८ मिमी, टाका ११-० चा, म्हणजे अतिशय बारीक धाग्याचा. पाय घट्ट झाला म्हणजे आत चरबी साठली, तिथे लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं. त्याने लिंफचा निचरा सुधारत नाही, म्हणून मोजा रात्रंदिवस, जन्मभर. नागपूरच्या मे महिन्यात नेमका तोच उतरवला जातो आणि सूज परत येते! शक्य असेल तर शस्त्रक्रिया दिवाळीनंतर ठरवा, मोज्यांचे दोन जोड ठेवा. हत्तीपाय असेल तर बोटांमधल्या चिखल्या आधी बऱ्या करा, जंतू तिथूनच शिरतात.