मदत हवी आहे: पार्किन्सन्स – चष्म्याचा नंबर बरोबर, तरी बाबांना दिसत नाही

कृष्णाकाठ

नमस्कार. बाबा ७१ वर्षांचे, सांगलीला असतात. पार्किन्सन्सचं निदान होऊन सहा वर्षं झाली. सिंडोपाची गोळी दिवसातून चारदा, शिवाय कंपासाठी पॅसिटेन. हाताचा कंप, अडखळणारे पाय, मुंगीएवढं झालेलं अक्षर, हे सगळं आता घराच्या अंगवळणी पडलंय. प्रश्न डोळ्यांचा आहे.

दिवाळीपासून विचित्र प्रकार चाललेत. स्टीलच्या ताटात अर्धा भात तसाच राहतो. आई चिडायची, "अन्न टाकायची सवय कधीपासून लागली?" त्यांना तो भात दिसतच नाही, हे कळायला आम्हाला दोन महिने लागले. जिन्याची शेवटची पायरी चुकते. पेपर वाचताना दहा मिनिटांत ओळी एकमेकींवर चढतात, एक डोळा झाकला की नीट दिसतं. संध्याकाळी खुंटीवरचा सदरा बघून "कोण आलंय?" विचारतात. दोनदा म्हणाले, कोपऱ्यातून मांजर गेलं. आमच्याकडे मांजर नाही.

मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेली आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं: नंबर बरोबर, पडदा चांगला, काही झालेलं नाही. बाबांनी तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला आणि बाहेर पडताना काचेच्या दारावर आपटले.

मग मी रात्री मोबाइल घेऊन बसले (चूक केली). लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या न्यूरॉलॉजिस्ट (मेंदूच्या डॉक्टर) रिमोना वाइल नेमकं यावरच काम करतात. त्यांच्या गटाने एक चाचणी केली आहे, त्यात कुत्र्यामांजरांची चित्रं पिळवटून दाखवतात आणि ओळखायला सांगतात. आपण 'रोबोट नाही' हे सिद्ध करायला वाकडी अक्षरं वाचतो ना, तिथून ती कल्पना आली. चित्र थोडं जरी पिळलं तरी पार्किन्सन्सचे काही रुग्ण इतरांपेक्षा लवकर गोंधळतात. इथपर्यंत वाचून बरंच वाटलं, म्हणजे बाबा नाटक करत नाहीत. पण पुढे होतं की ज्यांची अशी नजर कमी, त्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त. तेव्हापासून झोप नाही.

याचा अर्थ काय लावायचा? दाखवायचं कोणाला, डोळ्यांच्या डॉक्टरांना की मेंदूच्या? आणि तोवर घरात काय करू?

खोबणी

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, नजर तपासणं हेच माझं काम. तक्त्यावर काळीकुट्ट अक्षरं, मागे पांढराशुभ्र उजेड. जगात इतकं ठळक काही नसतं. स्टीलवरचा भात, करड्या फरशीची करडी पायरी, काच, इथे लागते ती फिकट-गडद छटांमधला फरक ओळखण्याची ताकद. आम्ही तिला कॉन्ट्रास्ट म्हणतो आणि तिची तपासणी वेगळी असते, मागितल्याशिवाय सहसा होत नाही. पार्किन्सन्समध्ये मेंदूत डोपामिन हे रसायन कमी पडतं, आणि डोळ्याच्या पडद्यातही ते वापरणाऱ्या पेशी असतात, त्यामुळे पार्किन्सन्स तिथेही पोचतो. न्यूयॉर्कचे बोडिस-वोलनर आणि यार यांनी १९७८ सालीच दाखवलं होतं की या रुग्णांमध्ये डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा संदेश उशिरा पोचतो. तरी अजून 'नंबर बरोबर आहे' म्हणून माणसं घरी पाठवली जातात. आमच्याच लोकांचा दोष.

ओळी चढतात आणि एक डोळा झाकल्यावर थांबतात, म्हणजे जवळचं बघताना दोन्ही डोळे पुरेसे आत वळत नसावेत. वाचायच्या चष्म्यात प्रिझम (प्रकाश किंचित वळवणारी काच) घालून फरक पडू शकतो. बाबांचा चष्मा बायफोकल असेल तर जिन्यावर तो घालू नका, खालच्या काचेतून पायरी धूसर दिसते. चालायला वेगळा, वाचायला वेगळा. आणि या आजारात पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात. साधे कृत्रिम अश्रूंचे थेंब विचारून घ्या.

रानमेवा

आमच्याकडे डोळ्यात शुद्ध मध घालतात. सात दिवसांत फरक.

खोबणी

कृपा करून काहीही घालू नका. ऑपरेशन झालेले डोळे आहेत ते.

वाड्यातली काकू

अगं, भाताचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्या ह्यांना मी चार महिने बोलत होते. शेवटी गडद निळी मेलामाइनची ताटं आणली. ताक मात्र पांढऱ्या पेल्यात देऊ नकोस. पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी लाव. तिन्हीसांजेच्या आधी दिवे लाव, खुंटीवरचे कपडे कपाटात जाऊ देत. आमचे 'पाहुणे' निम्मे त्यानेच गेले. गंमत बघ, जे डोळे फसवतात तेच चालायलाही मदत करतात. पाय जमिनीला चिकटले की फरशीवर आडव्या पट्ट्या असल्या तर त्या ओलांडत हे चालू लागतात.

पॅसिटेनबद्दल डॉक्टरांना मुद्दाम विचार. कंपाला बरी, पण या वयात तिने दिसणं धूसर होतं, गोंधळ आणि भासही वाढू शकतात. मनाने बंद करू नकोस हं, हळूहळू कमी करावी लागते. आणि पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाशी बोल, रुग्ण आणि घरच्यांचा आधारगट आहे तो. डॉक्टरांना द्यायला वेळ नसतो अशी उत्तरं तिथे मिळतात.

ओपीडी नंतर

भीतीबद्दल. लंडनच्या त्या गटाने २०२१ मध्ये ७७ रुग्णांचा अभ्यास मांडला. नजरेच्या साध्या चाचण्यांवरून सुमारे दीड वर्षानंतर कोणाची आकलनशक्ती घसरेल याचा अंदाज येतो, असं त्यात दिसलं. हा गटाचा कल आहे, तुमच्या बाबांची पत्रिका नव्हे. कुत्र्यामांजरांची चाचणीही संशोधनाचं हत्यार आहे, निदानाचं नाही. घरी मोबाइलवर घेत बसू नका. या सगळ्या संशोधनाचा तुम्हाला उपयोग इतकाच की न्यूरॉलॉजिस्टना भात, पायरी, मांजर हे सगळं सांगा आणि स्मरण-आकलनाची चाचणी आताच करून घ्या, पुढे तुलनेला उपयोगी पडेल.

मांजर खरं नाही हे बाबांना कळतं का? कळत असेल तर चांगलं. भास दोन-चार दिवसांत एकदम वाढले तर आधी लघवीतला जंतुसंसर्ग तपासा. आणि भासांसाठी कोणी हॅलोपेरिडॉल लिहून दिलं तर पार्किन्सन्स असल्याचं लगेच सांगा. त्याने शरीर आणखी जखडतं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. काल न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन आलो. यादी लिहून नेली होती, त्यांनी पूर्ण वाचली. पॅसिटेन तीन आठवड्यांत कमी करत बंद करायची आहे. आकलनाची चाचणी झाली, ठीक आहे म्हणाले, सहा महिन्यांनी परत. मांजराबद्दल बाबांना थेट विचारलं, तर म्हणाले, "नाही ते मला ठाऊक आहे, पण दिसतं त्याला मी काय करू?"

काकू, ताटाचं वाचून आईला आठवलं, मार्चमध्ये मिरजेला मुंजीत बाबा पोटभर जेवले होते, पानात शीत उरलं नव्हतं. तिथे केळीची पानं होती. आता आई रोज बाजारातून पान आणते, ताट घेऊ म्हटलं तर ऐकत नाही.

एक राहिलं. आमचा जिना बाहेरून आहे, पावसात भिजतो. पिवळी पट्टी टिकते का, की सरळ ऑइल पेंट मारू? रंगाने पायरी निसरडी होईल अशी धास्ती वाटते.