टॉप-अप की सुपर टॉप-अप?

आई ६८ वर्षांची, ५ लाखांची जुनी आरोग्य विमा पॉलिसी आहे, वर टॉप-अप (ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारा जादा विमा) घेऊ का असं विचारलंय ना, तर माझं मत सरळ आहे, सुपर टॉप-अपच घ्या. नावं सारखी वाटतात पण फरक मोठा आहे. समजा डिडक्टिबल, म्हणजे ज्या रकमेपर्यंतचा खर्च हा जादा विमा देत नाही ती, ५ लाख आहे आणि एकाच वर्षात दोनदा ॲडमिट व्हावं लागलं, दोन्ही वेळा बिल ४-४ लाख. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो त्यामुळे एक रुपयाही देत नाही, सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो म्हणजे ८ लाखातले वरचे ३ लाख मिळतात. आणि या वयात वर्षातून दोनदा दवाखाना काही नवल नाही हो, आमच्या बाबांचं तसंच झालं होतं.

बीपी, शुगर जे असेल ते फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा, एजंट 'राहू द्या' म्हणाला तरी. आधीच्या आजारांना वेटिंग (तोवर त्यांचा क्लेम मिळत नाही) आता जास्तीत जास्त ३ वर्षंच ठेवता येतं, पण लपवलं तर क्लेमच्या वेळी हाल होतात. को-पे (बिलातला आपण भरायचा वाटा) किती टक्के आणि खोलीभाड्याला मर्यादा आहे का हे पण वाचा, महाग खोली घेतली तर बाकीचं बिलही त्या प्रमाणात कापतात.

आणि ७० पूर्ण झाले की सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड लगेच काढा, ५ लाखांचं कव्हर, उत्पन्नाची अट नाही, खासगी पॉलिसी असली तरी चालतं.